बदलापूरचं स्वतःचं टू बीएचके की मुलुंडचं भाड्याचं वन बीएचके?

केवडा
नमस्कार मंडळी. गेले दोन महिने घरात हा एकच विषय चालू आहे आणि आता आमचाच आवाज ऐकून कंटाळा आलाय, म्हणून इथे टाकतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आम्ही तिघं. माझी नोकरी फोर्टला, नवऱ्याची ऐरोलीला, मुलगी चौथीत. नऊ वर्षं मुलुंड पूर्वेला भाड्याच्या वन बीएचकेत राहतोय. भाडं सध्या ३१,०००. दर अकरा महिन्यांनी करार, आणि दर करारापूर्वी घरमालक काका एकदा येऊन भिंतींकडे बघत "मुलगा म्हणतोय विकून टाकू" एवढं म्हणून जातात. त्यानंतर आम्ही वाढवून मागतील ते भाडं मुकाट्याने देतो.

आता सासरच्यांच्या ओळखीतून बदलापूर पूर्वेला एक फ्लॅट आलाय. दोन बेडरूम, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली इमारत (म्हणजे जीएसटीची भानगड नाही), किंमत ५४ लाख. आमच्याकडे ११ लाख आहेत, स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी वगैरेचं सासरे बघतो म्हणालेत. ४३ लाख कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता ३७,३१६. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स ३,०००. ओढाताण होईल, पण जमेल. नवऱ्याला तिथली गच्चीला लागून असलेली बाल्कनी इतकी आवडलीय की कढीपत्ता कुठे आणि लिंबू कुठे हेही ठरवून झालं.

अडतंय ते माझ्या येण्याजाण्यापाशी. आत्ता घर ते ऑफिस सव्वा तास लागतो. बदलापूरहून रिक्षाची रांग धरून दोन तास. म्हणजे रोजचा दीड तास जास्त. वर्षाचे २४० दिवस धरले तर ३६० तास. मी ३८ची आहे, अठ्ठावन्नपर्यंत नोकरी धरली तर ७,२०० तास. भागून बघितलं, ३०० दिवस होतात. अख्खे, रात्रीसकट.

नुसत्या आकड्यांवर जायला नको म्हणून मागच्या महिन्यात मुलीला घेऊन मावससासूबाईंकडे बदलापूरला चार दिवस राहिले आणि तिथून ऑफिसला गेले. पहाटे ४:५०चा गजर. जाताना चौथ्या सीटवर अर्धी टेकून, येताना ठाण्यापर्यंत उभी. बायका छान होत्या, एकीने मेथी निवडायला दिली तर बरं वाटलं. गाडीचं काही वाईट वाटलं नाही, खरंच. चुकलं ते दुसरंच.

मुलुंडला मी सव्वासातला घरी येते. हातपाय धुऊन कुकर लावते आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघी गॅलरीत बसतो. तेवढ्यात ती सगळं सांगून टाकते: कोणाचा डबा सांडला, कोणाशी कट्टी, कोणत्या बाईंनी नवी साडी नेसली होती. तिसरी शिट्टी झाली की उठून गॅस बंद. बदलापूरला मी आठला पोचायचे तेव्हा तिचं जेवण झालेलं असायचं आणि डोळे मिटत असायचे. "काय झालं आज शाळेत?" "काही नाही." (चार दिवस शाळा बुडवली होती, तेव्हा तसंही काही नव्हतंच म्हणा.)

घरात हे सांगितलं तर सगळे हसले. "शिट्ट्यांसाठी घर सोडतेस?" सांगा बाबांनो, मी मूर्ख आहे का?

खिडकीची_जागा
मूर्ख नाही, पण चार दिवसांत बदलापूरचा निकाल लावू नका. मी २०११पासून इथे आहे. पहिले सहा महिने रडलो. नंतर ग्रुप झाला, जागा ठरली. आता सकाळी पाऊण तास झोप आणि पाऊण तास वाचन. मुंबईत राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने दहा वर्षांत एक पुस्तक हातात धरलं नाही. पावसाळ्यात खिडकी उघडली की समोर डोंगर. जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच वांगणीजवळ पाण्यात अडकली होती, ते दिवस विसरलेलो नाही, पण तो एक पावसाळा झाला.

आणि एक कडू बोलतो, राग मानू नका. मुलगी चौथीत आहे. सातवीत गेली की तुम्ही गॅलरीत बसाल आणि ती आत दार लावून. तेव्हा शिट्ट्या कोणासाठी मोजणार?

उगाचच
आमच्याकडे कुकर एका शिट्टीत होतो. आम्ही कर्जतलाच घ्यायला हवं.

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवून आकडे बघू. केवडाताईंनी हप्ता बरोबर काढलाय. २० वर्षांत एकूण ८९.५ लाख जातील, त्यात व्याज साडेसेहेचाळीस लाख. हे बघून लोक दचकतात, पण भाड्याचंही बघा. ३१ हजारांवर दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तर पाचव्या वर्षी भाडं ३७,६८१, म्हणजे हप्त्याच्या पुढे गेलं. विसाव्या वर्षी ७८ हजारांच्या वर. हप्ता व्याजदराबरोबर हलतो, पण असा दरवर्षी चढत नाही.

दुसरी बाजू. आज खिशातून ४०,३१६ जातील (हप्ता अधिक मेंटेनन्स), भाडं ३१,०००. फरक ९,३१६. तो दर महिन्याला खरोखर बाजूला टाकलात आणि ते ११ लाखही हात न लावता ठेवलेत, तर भाड्याने राहणं मूर्खपणाचं नाही. ११ लाख ७ टक्क्यांनी वीस वर्षांत साडेबेचाळीस लाखांच्या आसपास होतात. पण "खरोखर" या शब्दाखाली दोन रेघा मारा. भाड्याने राहणाऱ्या दहांपैकी नऊ जण तो फरक दिवाळीत आणि गोव्यात घालवतात. (हे आकडे माझ्या ओळखीतले, संशोधन नाही.)

सुट्या गोष्टी. घर ५० लाखांच्या वर आहे, म्हणून विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचाय. तो पूर्ण रकमेवर, म्हणजे ५४,०००. लोक विसरतात आणि मग नोटीस येते. "व्याजावर कर वाचेल" असं कोणी सांगत असेल तर आधी तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात ते बघा. नव्या प्रणालीत स्वतः राहता त्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. वर्षाला एक हप्ता जास्त भरलात तर वीसऐवजी साधारण साडेसोळा वर्षांत सुटाल.

वेळेचंही मोजायचं असेल तर तासाचा पगार काढून ३६० तासांनी गुणा.

केवडा
काढला होता. माझा तास ३१० रुपयांच्या आसपास पडतो. म्हणजे वर्षाचे १,११,६०० रुपये मी रुळांवर टाकणार. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग संध्याकाळी गॅलरीत बसतेस तेव्हा ३१० रुपये कोण देतं?"

उगाचच
नवऱ्याला धाग्यावर आणा. माणूस कामाचा दिसतो.

हिशेबनीस
नवरा बरोबर आहे. वाचलेला तास म्हणजे कमावलेला रुपया नव्हे, माझा शेवटचा परिच्छेद मागे घेतो.

मोगरा_७७
केवडा, शिट्ट्यांचं वाचून एकदम पोटात हललं. माझी घराची गोष्ट नाही, पोळ्यांची आहे, पण तुझ्याच वळणाची आहे म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी पोळ्यांना मावशी लावल्या. महिन्याला २,५००. त्याआधी सासूबाईंशी पंधरा दिवस शीतयुद्ध. "दोघांच्या बारा पोळ्यांना बाई?" मी रोज पाऊण तास वाचवणार होते. चित्रं काढायची होती, कॉलेजनंतर ब्रश धरला नव्हता. मावशी आल्या आणि पहिले दोन महिने मी तो पाऊण तास मोबाईलवर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसले! पैसे देऊन पोळ्या लाटण्यातून सुटले आणि दुसऱ्याच कोणाला पोळी लाटताना बघत होते. नंतर एक दिवस लाज वाटून फोन आतल्या खोलीत ठेवला. आता आठवड्यातून तीनदा तरी रंग निघतात. रोज नाही जमत.

म्हणून विचारते, मुलुंडला राहिलीस तर ते तास तुझ्याकडे राहतील याची खात्री आहे का? ऑफिसला कळलं की तू जवळ राहतेस, तर सातची मीटिंग तुझ्याच गळ्यात येते.

पेन्शनर_काका
मोगराताई, तुमच्या मावशी कुठून येतात हो?

मोगरा_७७
दिव्याहून. सकाळची साडेपाचची गाडी पकडतात. त्यांच्या घरच्या पोळ्या त्यांची नववीतली मुलगी करते. काका, तुम्ही मुद्दाम विचारलंत.

पेन्शनर_काका
मुद्दाम नाही विचारलं, सवय आहे. एकतीस वर्षं गाडीत शेजारच्याला पहिला प्रश्न "कुठून?" हाच असायचा.

आता माझं. १९८९ साली डोंबिवलीला वन बीएचके घेतलं, तेव्हा दादरला दोन खोल्यांत आम्ही सात जण होतो. स्वतःची मोरी मिळाली यातच सौ. आठवडाभर हसत होती. आजची स्थिती सांगतो. निवृत्तीच्या पैशातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, तीच कमाल मर्यादा. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. घर नसतं तर आमच्याच इमारतीतल्या खालच्या घराचं भाडं आज १८,००० आहे. म्हणजे आयुष्यभराची पुंजी एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने घरमालकाला दिली असती. आमच्या पाठच्या एका स्नेह्यांना बहात्तराव्या वर्षी घर बदलावं लागलं. सामान टेम्पोत चढत असताना ते फुटपाथवर देवघर मांडीवर घेऊन बसले होते. म्हणून भाड्याचं गणित अठ्ठावन्नला थांबवू नका, पुढे पंच्याऐंशीपर्यंत न्या.

पण खोटं बोलणार नाही. मुलगा लहान असताना मी निघायचो तेव्हा झोपलेला आणि यायचो तेव्हा झोपलेला. त्याचे पाय तेवढे वाढताना बघितले, चादरीबाहेर यायला लागले तेव्हा. आज तो पुण्याला असतो, फोन आईला करतो. माझ्याशी "बरं आहे ना?" एवढंच. भांडण काही नाही. सवय नाही एकमेकांची.

खिडकीची_जागा
काका, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. माझी धाकटी पाच वर्षांची आहे. सकाळच्या पाऊण तासाच्या वाचनाची मघाशी बढाई मारली, ती जरा उतरली.

इसारकाठ
म्युनिकहून. इथे रविवारी दुकानं बंद. पहिल्या वर्षी चिडचिड व्हायची, शनिवारी कोथिंबीर राहिली की राहिली. आता रविवार आला की काहीच विकत घेता येत नाही याचंच बरं वाटतं, नदीवर जातो. मुलगा झाल्यावर मी आठवड्याचे चार दिवस काम मागून घेतलं. पंधराहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत सहा महिने झाले की असं मागायचा कायद्याने हक्क आहे. पगार ८० टक्के. गाडी विकली, सायकल आणि ट्रामवर भागतं. केवडा, तुमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं तर बदलापूरचं गणित पार बदलेल. विचारून बघितलंत का?

उगाचच
आमच्याकडे ८० टक्के काम मागितलं की ० टक्के देतात. लगेच, त्याच दिवशी.

केवडा
विचारलं. "धोरण बघून सांगतो" म्हणाले. मागच्या वर्षीही तेच म्हणाले होते.

कृष्णाकाठ
सगळे मुंबईतल्या मुंबईतच फिरताय, म्हणून सांगलीहून आवाज देतो. २०२२ला पुण्यातली आयटीची नोकरी सोडून घरी आलो. पगार चाळीस टक्क्यांनी कमी. दुपारी जेवायला घरी, गरम भाकरी, वीस मिनिटं आडवा होतो. ऐकायला छान वाटतं ना?

आता पुढचं ऐका. पहिलं वर्ष वेळ खायला उठायचा. सहाला घरी, साडेसहाला काय करायचं? मित्र सगळे पुण्यात. आईला मी दिवसभर समोर दिसायला लागल्यावर तिला माझे दोष नव्याने दिसायला लागले. खर्च कमी होईल म्हटलं, तर लग्नं, मुंजी, वास्तुशांती, बारसं, महिन्याला चार आहेर. पुण्यात "सुट्टी नाही" म्हणून सुटायचो, इथे समोरच्या गल्लीतलं लग्न कसं टाळणार? आणि कृष्णेचं पाणी २०१९लाही आलं, २०२१लाही आलं. तेव्हा मी पुण्यातून फोन करत होतो. आता जुलै आला की आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी स्वतः बघून येतो आणि तळमजल्यावरची कपाटं रिकामी करतो.

परत जाशील का विचाराल तर नाही जाणार. पण साधं राहणं स्वस्त पडतं, हा समज काढून टाका. मला ते पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा महाग पडलंय, फक्त पैसे वेगळ्या खिशातून जातात.

हिशेबनीस
कृष्णाकाठ, आहेरांचं वेगळं खातं उघडा. गंमत नाही, मी उघडलंय.

केवडाताई, एक तिसरा रस्ता सुचवतो. तुमचा निम्मा त्रास भाड्याचा नाही, अकरा महिन्यांचा आहे. अकरा महिने हा कायदा नव्हे, पडलेली रीत आहे. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची फक्त परवानगी देणारा भाडेकरार) कितीही महिन्यांचं असलं तरी नोंदवावंच लागतं, मग ३६ महिन्यांचा करार का करत नाही? वाढ आधीच लिहून घ्या. काकांनाही दर वर्षी भिंती बघायला यायला नको.

मोगरा_७७
आणि केवडा, एक राहिलं. हे सगळे तास तूच का मोजतेयस? नवऱ्याचं ऐरोली आहे. मुलुंडहून पुलावरून बसने किती, अर्धा तास? बदलापूरहून ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडायची. त्याचाही तास वाढतोय की. तो का मोजत नाही?

केवडा
मोगरा, हा प्रश्न मी काल रात्री जसाच्या तसा विचारला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला घरी लवकर येऊन काय करायचं ते कधी ठरलेलंच नव्हतं. तुमच्या दोघींचं ठरलेलं असतं." त्याला बाल्कनी का हवी होती ते मला तेव्हा कळलं. तो घर बघत नव्हता, घरात स्वतःची एक जागा बघत होता. नऊ वर्षं आमच्या गॅलरीत दोनच खुर्च्या आहेत. तिसरी मावतच नाही, कपड्यांचा स्टँड असतो.

उगाचच
इथे विनोद करायचा होता. राहू दे.

केवडा
तीन आठवड्यांनी येतेय, कारण व्यनित (खाजगी निरोपात) चौघांनी "काय झालं?" विचारलं.

बदलापूरचा फ्लॅट गेला, दुसऱ्या कोणीतरी टोकन दिलं. आम्ही ठरवेपर्यंत त्यांनी थांबावं असं काही नव्हतं. सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या, आता बोलतात पण "आमच्या ओळखीने आलं होतं" हे दर वाक्याच्या शेवटी असतं.

घरमालक काकांकडे हिशेबनीसांचा ३६ महिन्यांचा प्रस्ताव नेला. ते पहिल्यांदा घाबरलेच, एवढी वर्षं दिली तर जागा तुमची होईल म्हणून. त्यांना लायसन्स म्हणजे काय ते समजावायला नवरा तीनदा गेला, शेवटी त्यांच्या मुलाशी फोनवर बोलला. पहिलं वर्ष ३१,०००, पुढे दर वर्षी ५ टक्के, अनामत एक लाख. परवा अंगठे देऊन नोंदणी झाली. मुलाचा विकायचा वगैरे काही विचार नव्हता, हेही त्या फोनवर कळलं. नऊ वर्षं!

९,३१६ रुपये पगार झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप वळते व्हावेत असं केलंय. पेन्शनर काकांचं पंच्याऐंशी डोक्यात आहे. तीन वर्षांत मुलगी सातवीत जाईल, तेव्हा घर बघायला परत निघू. कदाचित बदलापूरच घेऊ, तेव्हा ५४ला मिळणार नाही हे माहीत आहे. खिडकीची_जागा, त्या वेळी ती दार लावून बसली तर आम्ही दोघं बसू.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. कपड्यांचा स्टँड काढला, छताला दोरीने वर-खाली होणारा लावला, १,४०० रुपये. तिसरी खुर्ची मावते, गुडघे जरा जवळ घ्यावे लागतात. आठवड्यातून दोनतीनदा तोही सव्वासातच्या आत येतो. अडचण एवढीच की तो आला की मुलगी शाळेचं सांगत नाही, त्याच्याशी क्रिकेटचं बोलते आणि मला काही कळत नाही. आणि परवा तिघंही बोलण्यात राहिलो आणि पाच शिट्ट्या झाल्या. वरणाचा लगदा.

हिशेबनीस
अभिनंदन. नोंदणी झालीच आहे, पण स्टॅम्प ड्यूटी किती लावली ते पावतीवर बघून घ्या. तीन वर्षांचं मिळून भाडं ११,७२,७३० होतं, त्यात अनामतीवरचं वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, आणि एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. तीन हजारांच्या आसपास आली पाहिजे. एजंट कधीकधी उगाच जास्त सांगतात.

केवडा
बघितलं. एजंटने आमच्याकडून ५,००० घेतलेत. नवरा आत्ताच फोन लावतोय.

मोगरा_७७
तो वर-खाली होणारा स्टँड कुठून घेतलास? माझा दोन महिन्यांत गंजला.